फ्रिजमधलं पोटॅशियम

"मॅडम, तुमचा सात पॉइंट सहा पक्का आहे ना?"

सोमवारी दुपारी एक वाजता हॉस्पिटलच्या डॉक्टरांचा फोन आला. मी सोलापुरात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये बायोकेमिस्ट आहे, एकोणीस वर्षं झाली. रक्तातली साखर, किडनीचं काम दाखवणारं क्रिएटिनिन, पोटॅशियम असले आकडे बघायचे आणि रिपोर्टवर सही करायची, हे माझं काम. सात पॉइंट सहा हे मंगळवेढ्याच्या एका बाईंचं पोटॅशियम होतं. त्यांना सुमनबाई म्हणू. नॉर्मल असतं साडेतीन ते पाच. सातच्या पुढं गेलं की हृदय कधी दगा देईल सांगता येत नाही. म्हणून सकाळी मीच त्यांच्या गावच्या डॉक्टरांना फोन केला होता आणि त्यांनी बाईंना गाडीत घालून सोलापूरला पाठवलं होतं.

"का हो डॉक्टर? काय झालं?"

"ईसीजी एकदम नॉर्मल आहे. एवढ्या पोटॅशियमला असा ईसीजी मी तरी बघितला नाही. पण बाईंना शुगर आहे, क्रिएटिनिन वाढलंय. रिस्क कोण घेणार? पोटॅशियम उतरवायला इन्सुलिन लावतोय. मग मानेत नळी टाकून डायलिसिस."

"दहा मिनिटं द्या. इन्सुलिन लावू नका."

"रिपोर्ट तुमचाच आहे की मॅडम!"

"माझाच आहे. म्हणूनच सांगतेय."

फोन ठेवला आणि रॅकमधून ट्यूब काढली. सिरम, म्हणजे रक्त गोठल्यावर वर राहणारं पिवळं पाणी, स्वच्छ होतं. रक्तपेशी फुटल्या असत्या तर ते लालसर दिसलं असतं. मग लेबल वाचलं. रक्त काढल्याची वेळ, शनिवार संध्याकाळी साडेपाच. आमच्याकडे पोचलं सोमवारी सकाळी, एसटीनं, बर्फाच्या डब्यातून. त्याच डब्यातल्या बाकीच्या ट्यूबही पोटॅशियमसाठी मशीनला लावल्या. सगळ्यांचं पोटॅशियम वाढलेलं. त्यात पोलीस भरतीसाठी रोज पहाटे मैदानावर पळणारी बावीस वर्षांची मुलगी होती. तिचं सहा पॉइंट नऊ! असं पोटॅशियम घेऊन कुणी मैदानावर पळतं होय?

कपाळावर हात मारून घेतला मी.

आता थोडं समजावून सांगते, कारण पुढचा सगळा राग यातच आहे. ट्यूबमध्ये काढलेलं रक्त मेलेलं नसतं. त्यातल्या पेशी बराच वेळ जिवंत राहतात, साखर खातात, काम करतात. पेशीच्या आत पोटॅशियम भरपूर, बाहेर सोडियम भरपूर, म्हणजे आपल्या मिठातलं. पेशीच्या पातळ पडद्यातून पोटॅशियम सारखं बाहेर झिरपत असतं, आणि त्याच पडद्यातले छोटे पंप ते सारखं आत ओढून घेत असतात. गळक्या टाकीवर मोटर लावून पाणी परत वर चढवत राहावं, तसं. मोटर बंद पडली तरी गळती काही थांबत नाही. हे पंप साखरेतून मिळालेल्या ऊर्जेवर चालतात आणि त्यांना अंगाची ऊब लागते. रक्त फ्रिजमध्ये ठेवलं की पंप गारठून बसतात. पेशी फुटत नाही, रंग बदलत नाही, पण पोटॅशियम गुपचूप बाहेर येत राहतं. मशीन ते इमानदारीनं मोजतं. आकडा खरा, पण तो बाईंच्या अंगातला नाही. आमच्या फ्रिजमधला!

आणि डॉक्टर तो आकडा खाली ओढायला निघाले होते. पोटॅशियम नॉर्मल असलेल्या बाईला इन्सुलिन आणि डायलिसिस दिलं तर ते इतकं खाली जाऊ शकतं, की बरं चाललेलं हृदय आमच्यामुळं बंद पडायचं.

डॉक्टरांना परत फोन लावला. "काही करू नका. मी स्वतः येतेय रक्त घ्यायला."

सुई-ट्यूब पर्समध्ये टाकली तर दारातच आमचे डायरेक्टर उभे, फोनवरचं सगळं ऐकलेलं.

"मॅडम, पेशंटकडं तुम्ही कशाला? टेक्निशियन पाठवा. आणि रिपोर्ट कॅन्सल करू नका हं. 'रिपीट ॲडव्हाइज्ड', पुन्हा तपासून घ्या, एवढंच टाका."

"सर, रिपोर्ट चुकलाय."

"चुकलाय असं लिहीत नसतात. लॅबचं नाव जातं."

"आणि तिकडं बाईचा जीव जातोय, त्याचं काय?"

उत्तराची वाट बघितली नाही. स्कूटी काढली.

सुमनबाई कॉटवर बसल्या होत्या. मानेची एक बाजू औषध लावून पिवळी केलेली, नळीसाठी. मुलगा शेजारी उभा, तोंड उतरलेलं.

"मॅडम, पुन्यांदा रगात? सकाळी म्हणले टाइम न्हाय."

"टाइम आहे दादा. पहिल्या तपासणीत आमची चूक झालीय असं वाटतंय."

बाई माझ्याकडं बघत राहिल्या. "मला काय बी हुत न्हाय म्हनून मी मगापासनं सांगतीया. ऐकतंय कोन?"

खरंच कुणी ऐकलं नव्हतं. मी तर विचारलंही नव्हतं.

लॅबमध्ये परतून अर्धा तास रक्त गोठू दिलं, सेंट्रिफ्यूजमध्ये फिरवून सिरम वेगळं केलं, मशीनला लावलं. चार पॉइंट चार. दोनदा लावलं. चार पॉइंट चार. डॉक्टरांना कळवलं. ते एवढंच म्हणाले, "वाचलो." बाई वाचल्या म्हणायचं होतं त्यांना, पण असो. मानेत नळी पडली नाही. संध्याकाळच्या एसटीनं सुमनबाई घरी गेल्या.

इथं संपलं असतं तर मी हे लिहायला बसलेच नसते.

डायरेक्टरांनी लगेच मंगळवेढ्याच्या कलेक्शन सेंटरला फोन लावायला सांगितला. तिथं मल्लिनाथकाका रक्त घेतात. पन्नाशी उलटलेला माणूस, हात इतका हलका की लहान लेकरं रडत नाहीत. स्पीकरवर सर कडाडले, "काका, रक्त फ्रिजमध्ये ठेवायची अक्कल कुणी दिली तुम्हाला?"

"तुमीच की साहेब!" काका म्हणाले. "भिंतीवर पोस्टर लावलंय न्हवं का तुमी? सगळे सॅम्पल थंड ठेवा म्हनून. मी तर जिवाला खात, बर्फ बी जास्तीचा घालतोय."

"आधी कसं करत होता?"

"आधी मशीन होतं की. रगात फिरवून पिवळं पानी तेवढं धाडायचो. ते मशीन तुमी कुर्डुवाडीच्या नव्या सेंटरला न्हेलं. फ्रिज देतो म्हनला. त्यात आईतवारी डबा न्ह्यायला कोन न्हाय."

फोन ठेवून सर म्हणाले, "काकांना काढून टाका." डोक्यात तिडीक गेली माझ्या. पोस्टर ऑफिसनं छापलेलं, कुठल्या तरी मॅनेजरनं लस थंड ठेवतात तसं रक्तही ठेवायचं असतं असं परस्पर ठरवलेलं. मला कुणी विचारलं नव्हतं. आणि आता कुणाला काढायचं? सगळं सांगितल्याबरहुकूम करणाऱ्या काकांना! मी सरळ सांगितलं, "काकांना हात लावलात तर आधी माझा राजीनामा घ्या. पोस्टर काढा, मशीन परत द्या." मशीन आठवड्याभरात परत गेलं. भांडल्याशिवाय नाही.

पण पोस्टर लावून चार महिने झाले होते. त्या चार महिन्यांतले मंगळवेढ्याचे सोमवारचे सगळे पोटॅशियमचे रिपोर्ट मी काढले. अकरा जणांचं पोटॅशियम असंच वाढलेलं, आणि खाली सही माझी. शुगरचे पेशंट, बीपीचे पेशंट, असेल वाढलेलं, म्हणून सकाळच्या गर्दीत क्लिक करून मोकळी झाले होते. पोस्टरवर राग काढणं सोपं होतं. पण ट्यूबवरची वेळ मी एकदाही वाचली नव्हती, हे कुणाच्या माथी मारू?

सर म्हणाले, "जुनं उकरून काढू नका." मी अकराही जणांना फोन केले.

आठवा फोन मंगळवेढ्याजवळच्या एका खेड्यात, सत्तरीच्या शेतकऱ्याच्या घरी. त्यांच्या बायकोनं उचलला. मी सगळं सांगितलं. त्यांना समजायला वेळ लागला.

"म्हंजी किडनी बाद न्हवती त्येंची?"

"पोटॅशियम वाढलेलं नव्हतं मावशी. आमची चूक झाली. परत तपासू, मी स्वतः येते."

"डाक्तरनं पथ्य सांगितलं तवापास्नं चार म्हैने मी डाळ शिजवून पानी वतून देतीया. बटाटा न्हाय, टमाटं न्हाय, केळं न्हाय. मानूस लई वाळला. आता आपलं काय खरं न्हाय म्हनून औंदा ज्वारी बी पेरली न्हाय त्येंनी. रान तसंच पडलंय."

मी घराचा पत्ता लिहून घेतला.

"तुमी कोन त्या लॅबच्या?"

"रिपोर्टवर सही करणारी."

त्या म्हणाल्या, "तर मग या. पर त्येंच्या म्होरं बसून सोता सांगा. मी सांगितलं तर त्येंना वाटंल, म्हातारी मन राखाया बोलतीया."

मी गेले. रक्त घेतलं, मंगळवेढ्यात काकांच्या मशीनवर फिरवून सोलापूरला आणून तपासलं. चार पॉइंट एक. दुसऱ्या दिवशी परत जाऊन समोर बसून सांगितलं. म्हातारबांनी ऐकून घेतलं, शिवी दिली नाही. रानाकडं हात करून विचारलं, "आता पेरलं तर येईल का वो?"

पेरणीचे दिवस कधीच उलटून गेले होते.