मोजणीमामांची बारव

मोजणीमामा 'अंदाज' हा शब्द शिवीसारखा उच्चारायचे. आयुष्यभर सरकारी मोजणीदार म्हणून शिवारं मोजली, निवृत्त झाले तरी खिशातला टेप सुटला नाही. कंधारकडच्या माझ्या आजोळी लग्नाच्या मांडवातही ते आधी दोन खांबांतलं अंतर घेत, मग अक्षता टाकत.

मी राजेरजवाड्यांच्या, भुताखेतांच्या कादंबऱ्या लिहिते याचं त्यांना कौतुक होतं आणि वैतागही. पहिलं हस्तलिखित वाचून म्हणाले, "माय, राक्षस कसला बी घाल. पर तो ज्या पायऱ्या चढून येतो, त्या खऱ्या पायजेत. न्हाई तर भ्यायचं कशाला?" आणि मला गावच्या जुन्या बारवेत उतरवलं. शेवाळलेल्या पायऱ्या, तळाला काळं पाणी, डोक्यावर वटवाघळं. मी भिंतीला धरून एकेक पायरी उतरत होते आणि मामा वरून ओरडत होते, "मोज, मोज!" त्या भीतीवर आणि त्या मापांवरच पुस्तक उभं राहिलं.

एकच गोष्ट मी पदरची घातली: बारवेच्या भिंतीमागं राणीच्या दागिन्यांची बंद खोली. मामांनी नाक मुरडलं, पण अडवलं नाही.

पुस्तक आलं आणि महिन्याभरात त्या भिंतीपाशी लिंबं, कुंकू दिसू लागलं. रोज दोन-चार दगड उचकटलेले. मामा खणणाऱ्यांना भगदाडात टेप घालून दाखवायचे, "तीन फुटावर खडक लागून राहिला. खोली मावती कुठं?" त्यावर एकानं शांतपणे विचारलं, "मामा, पुस्तकातल्या पायऱ्या आमी मोजल्या, बरोबर निघाल्या. कोनाडे बी निघाले. मंग खोलीच लबाड कशी?"

त्या दिवशी मामांचा फोन आला. "माय, माझ्या मापानं तुझी थाप खरी झाली गं. भिंत लई ढिली झालीय. कोणतरी मरंल." नांदेडहून मिळेल त्या गाडीनं गेले, पारावर उभी राहून सांगितलं की खोली माझ्या डोक्यातली आहे. लोक हसले. बाई लपवतीय, म्हणाले.

मग मामाच रोज भिंतीला पाठ लावून बसू लागले, म्हणजे कुणी पहार मारू नये. मी हात जोडले, रडले. ऐकलं नाही. एका भर दुपारी भिंत त्यांच्याच अंगावर आली.

तेराव्याला मी पंगतीत बसले होते. वाढता वाढता एक ओळखीचा माणूस माझ्यापाशी वाकला, इकडंतिकडं पाहिलं आणि हळूच म्हणाला, "ताई, खरं सांगा. मामाला खोली घावली होती न्हवं?"