लव्हॉनबाईंचा मंगळवार

मिलर्स फोर्क कॉलेजच्या अमेरिकन फुटबॉल संघात खरा शूर कोण आणि नुसता तोंडाचा कोण, हे सगळ्यात आधी कळायचं ते धुलाईखोलीतल्या लव्हॉन ड्वोरासेक यांना. कोचला ते मागाहून समजायचं. सत्तावीस वर्षं त्या संघाचे कपडे धूत होत्या. खेळाची विजार उजेडात धरली की त्यांना सगळी हकिगत समजे. गुडघ्यावर आणि खांद्यावर गवताचा हिरवा डाग असेल, तर पोरानं चेंडू घेऊन पळणाऱ्याला कवेत घेऊन जमिनीवर आणलंय. पाठीवर डाग असेल, तर पळणारा ह्यालाच तुडवून गेलाय. आणि कुठेच डाग नसेल तर?

"तर ती विजार धुवायची कशाला? घडी घालून तशीच परत द्यायची," लव्हॉनबाई म्हणायच्या.

हे ज्ञान त्यांना फुकट मिळालेलं नव्हतं. सहा भावांच्या पाठीवरच्या त्या एकुलत्या एक बहीण. बापाचा डुकरांचा फार्म. भावांना खेळायला एक गडी कमी पडला की ते वेणीवाल्या लव्हॉनच्या हातात चेंडू देत, "पळ" म्हणत आणि सहाच्या सहा जण तिच्या मागे लागत. दहाव्या वर्षी तिनं डाव उलटवला. थोरल्या मिलोच्या मांड्यांना अशी मिठी घातली की तो पाण्याच्या हौदात जाऊन पडला. मिलो रडत आईकडे गेला, तर आईनं वर त्यालाच दोन दिल्या, विजार फाडली म्हणून.

तर अशा ह्या बाई अठ्ठावन्न वर्षांच्या झाल्या त्या ऑगस्टमध्ये कॉलेजात नवे कोच आले. लिंडहोम त्यांचं नाव. वय अडतीस, कपडे इस्त्रीचे, आवाज हळू. आधीचे कोच हॉगलंड म्हणजे सगळा राक्षसी कारभार. मंगळवारी आणि बुधवारी दोन-दोन तास आपल्याच पोरांनी आपल्याच पोरांना पूर्ण जोरानं पाडायचं, असा त्यांचा खाक्या. त्यापायी आदल्या वर्षी नऊ पोरं सामन्याच्या आधीच मोडून बसली होती. लिंडहोमनी पहिल्याच दिवशी फर्मान काढलं, "सरावात कुणी कुणाला पाडायचं नाही. पळणाऱ्याला दोन हात लावले की झालं. पाडायची हौस असेल तर ह्याला पाडा."

'हा' म्हणजे फोमचं एक भलंमोठं चाक. ते गडगडत जायचं आणि पोरं त्याच्यावर झडप घालायची. चाक बिचारं सरळ जाई. वळत नसे, हुलकावणी देत नसे, कोपर मारत नसे. महिन्याभरात मिलर्स फोर्कची पोरं चाक पाडण्यात इतकी तरबेज झाली की त्या राज्यात एकही चाक त्यांच्यासमोर उभं राहिलं नसतं.

लव्हॉनबाईंना आधी स्वर्ग दोन बोटं उरला. कपडे नुसते घामानं ओले, चिखलाचं नाव नाही. दुपारी तीनला यंत्रं बंद. बाई विणकाम घेऊन बसू लागल्या. नवऱ्यासाठी स्वेटर झाला, नवऱ्याच्या कुत्र्यासाठी स्वेटर झाला.

"आता धान्याच्या कोठारालाही एक विणणार का?" नवऱ्यानं, जीननं विचारलं. तो कोठारावर कामाला होता.

"विणेन की! माप आणून दे."

मग सामने सुरू झाले आणि स्वर्ग खाली आला. पहिल्या शनिवारी संघ अठ्ठेचाळीस विरुद्ध दहा असा हरला. दुसऱ्या शनिवारी एक्केचाळीस विरुद्ध सात. समोरचा गडी चेंडू काखेत मारून पळायचा, आमची पोरं वाऱ्यासारखी त्याच्यापाशी पोहोचायची, दोन हात लावायची आणि थांबायची. तो आपला पुढे निघून जायचा. रेडिओवरचा निवेदक तिसऱ्या सामन्यात म्हणाला, "मिलर्स फोर्कनं त्याला हात लावलाय, मंडळी. पुन्हा हात लावलाय. आता बहुतेक टाटा करतायत." जीननं रेडिओ बंद केला. बायको घरी आल्यावर तो विषय काढायचा नाही, एवढी अक्कल त्याला होती.

सोमवारी एमेट पोकॉर्नी फाटलेली जर्सी घेऊन धुलाईखोलीत आला. एमेट म्हणजे बचावफळीचा कणा. वजन एकशे दहा किलो, मान आणि डोकं एकाच रुंदीचं, आणि स्वभाव गाईसारखा. दारातून शिरतानाही तो चौकटीची माफी मागेल, असा.

"मिसेस डी, एवढं शिवून द्याल का? सॉरी, घाई नाहीये."

बाईंनी जर्सी उलटीपालटी केली. "एमेट, फाटली कुठे बघ. पाठीवर. तुझ्या अंगावरून गेला ना तो?"

"दोनदा गेला. दुसऱ्यांदा जाताना सॉरी म्हणाला."

"आणि तू काय म्हणालास?"

"मी म्हटलं, असू दे."

बाईंनी सुई खाली ठेवली. "अरे, तू गेल्या वर्षी माणसं गवतासारखी कापत होतास. झालं काय तुला?"

एमेट टॉवेलच्या ढिगावर बसला. त्याचा आवाज बारीक झाला. "खरं सांगू? दहा महिने मी माणसाला पाडलेलंच नाही. शनिवारी एकदम जिवंत माणूस अंगावर येतो आणि डोकं कुठे ठेवायचं तेच आठवत नाही. मग मी डोळे मिटतो, मान खाली घालतो आणि बैलासारखा घुसतो. लागला तर लागला. मला भीती वाटते हो, मिसेस डी. आईला सांगू नका."

"ऊठ."

"काय?"

"ऊठ म्हणते ना! पळ. त्या दाराकडे पळ."

"तुम्ही काय करणार?"

"ते तुला कळेलच."

एमेट बिचारा आज्ञाधारक. तो लाजत लाजत दाराकडे धावला. लव्हॉनबाईंनी चष्मा काढून इस्त्रीच्या टेबलावर ठेवला, तीन पावलं टाकली, कमरेत वाकल्या, मान वर, गाल त्याच्या बरगडीला लावला, खांदा पोटात दिला आणि दोन्ही हातांनी मांड्या आवळून पाय चालवत राहिल्या. एकशे दहा किलोंचा एमेट 'अगं आई' म्हणत टॉवेलच्या ढिगात उताणा झाला आणि त्याच्यावर बाई.

नेमक्या त्याच क्षणी कोच लिंडहोम दारात उभे. हातात कॉफीचा पेला.

सुकवणयंत्रात कुणाचं तरी बक्कल टकटक वाजत होतं.

"कोच," बाई टॉवेलमधून म्हणाल्या, "हे तुमच्या बचावफळीतलं सगळ्यात मोठं हत्यार. म्हातारीनं पाडलं."

"सॉरी, कोच," खालून आवाज आला.

एमेटला कोचनी घालवून दिलं आणि दार लावून घेतलं. ते चिडतील असं बाईंना वाटलं होतं. पण ते उलट्या बादलीवर बसले. "लव्हॉन, तुम्हाला वाटत असेल मी भित्रा आहे. आधीच्या कॉलेजात माझ्या हाताखाली एक मुलगा होता, थॅडियस. एका बुधवारच्या सरावात त्याची मान दुखावली. मीच म्हटलं होतं, 'अजून एकदा, जोरात.' तो आता काठी घेऊन चालतो. दर महिन्याला मी त्याला पत्र लिहितो. तो उत्तरात विनोद पाठवतो. तेच मला सहन होत नाही."

हॉगलंडच्या काळात लव्हॉनबाईंनी विजारींवरचं रक्तही धुतलं होतं, आणि ते कुणाचं ते अजून त्यांच्या लक्षात होतं. त्या उठल्या, एक खांदा चोळत फळीपाशी गेल्या आणि दोन हेल्मेटं घेऊन आल्या.

"मी कपड्यांखेरीज ही पण पुसते. हे गेल्या वर्षीचं, अजून पॉलिश व्हायचंय. हे परवाच्या शनिवारचं. समोरच्यांचा रंग कुठे लागलाय बघा."

जुन्या हेल्मेटवर लाल ओरखडे होते ते कानाच्या बाजूला. नव्यावर निळे ओरखडे थेट टाळूवर. एक नाही, सात-आठ.

कोचनी ते हेल्मेट हातात घेतलं. दुसरं मागितलं. बाईंनी तिसरं, चौथं, अकरावं समोर मांडलं. सगळी टाळूवरच रंगलेली.

"मान खाली घालून घुसतायत पोरं," बाई म्हणाल्या. "डोकं कुठे ठेवायचं ते विसरलीत. तुम्ही त्यांना मंगळवारी वाचवता आणि शनिवारी परक्यांच्या तोंडी देता. हॉगलंड गाढव होता, मला मान्य आहे. पण एक जण विहिरीत बुडाला म्हणून कुणी पोहणं शिकवायचं थांबवतं का?"

अकरा हेल्मेटं कपड्यांच्या टोपलीत कोंबून कोच निघून गेले. कॉफी तिथेच राहिली.

दुसऱ्या दिवशी, मंगळवारी, मैदानावर नवा हुकूम झाला. बारा मिनिटं खरंखुरं पाडायचं. एकास एक. धाव फक्त पाच यार्डांची. आधी गुडघ्यावर बसून, मग चालत, मग पळत. मान खाली दिसली की शिट्टी आणि तो गडी बाहेर. आणि कडेला, हेल्मेटं तपासायला, मिसेस ड्वोरासेक.

पहिली चार मिनिटं म्हणजे लग्नाचा मांडव होता. पोरं एकमेकांना मिठ्या मारत होती. कुणी पडला की पाडणारा त्याला उठवून कपडे झटकून देई. एमेटच्या वाट्याला रेयेस आला. क्विलन रेयेस, पहिल्या वर्षाचा, वजन एमेटच्या अर्धं, पण पाऱ्यासारखा. तीनदा तो एमेटच्या हातून निसटला.

"एमेट!" बाई कडेवरून ओरडल्या. "त्याच्या पायांकडे कशाला बघतोस? पाय खोटं बोलतात. कंबर बघ, कंबर सोडून तो कुठे जाणार नाही!"

चौथ्यांदा एमेटनं कंबर बघितली. मान वर, गाल बरगडीला. धप्प. रेयेस जमिनीवर आणि एमेट त्याच्यावर. मग खालून रेयेस म्हणाला, "ऊठ रे डोंगरा, श्वास तरी घेऊ दे." एमेट उठला तेव्हा त्याचे दोन्ही गुडघे हिरवेगार होते आणि तोंड असं फुललं होतं की जणू आजच त्याचं बारसं झालंय.

त्या दिवशी धुलाईखोलीत चिखलाचा डोंगर आला. दोन यंत्रांपैकी एक भरल्या पोटानं बंद पडलं. बाई कोपरापर्यंत हात घालून साबण घासत होत्या, आणि एक खांदा वर जाईना म्हणून दुसऱ्या हातानं. खांदा दाखवायला गेल्या तेव्हा डॉक्टरांनी विचारलं, "कशानं झालं हे?" बाई म्हणाल्या, "टॉवेल पडले." डॉक्टर म्हणाले, "टॉवेलचं वजन एकशे दहा किलो होतं असं बेकरीत ऐकलं मी." गाव लहान. सहा आठवडे बाई हात झोळीत घालून फिरल्या आणि भेटेल त्याला कामाच्या बोज्याचं रडगाणं ऐकवलं. इतक्या खुशीत गाऱ्हाणं करणारी बाई गावानं आजवर पाहिली नव्हती.

सगळंच गोड झालं असं मात्र नाही. तिसऱ्या मंगळवारी वेंडेल नावाच्या पोराचं गळपट्टीचं हाड मोडलं. मान वर होती, सगळं नियमानं झालं होतं, तरी मोडलं. कोच पांढरेफटक पडले. त्यांनी बाईंकडे पाहिलं आणि बाईंनी जमिनीकडे. संध्याकाळी बाई खसखशीचे कोलाचे, म्हणजे सारण भरलेले गोड पाव, भाजून, डबा घेऊन वेंडेलच्या खोलीवर गेल्या.

"माझ्यामुळे झालं रे हे," त्या म्हणाल्या. "मीच कोचच्या मागे लागले होते."

वेंडेल तोंडात कोलाचा कोंबून म्हणाला, "मिसेस डी, मागच्या महिन्यात सामन्यात माझं डोकं आपटलं होतं. दोन दिवस मला आईचं नाव आठवत नव्हतं. ते मी कुणाला सांगितलं नाही. हाड परवडलं. हाड दिसतं तरी." मग डब्यात डोकावून, "अजून एक आहे का? जर्दाळूचा असेल तर."

बाईंनी डबा तिथेच ठेवला आणि डोकं आपटल्याची गोष्ट तडक कोचच्या कानावर घातली. वेंडेल आठवडाभर त्यांच्याशी बोलला नाही. कोचनी बारा मिनिटांची आठ केली. बंद मात्र केली नाहीत.

पुढचा सामना संघ हरलाच, पण एकवीस विरुद्ध सतरा. नंतरच्या पाचातले तीन जिंकले. नोव्हेंबरच्या शेवटच्या शनिवारी, दातावर दात वाजत असताना, समोरच्यांना विजयासाठी एक यार्ड हवं होतं आणि त्यांचा सगळ्यात दांडगा गडी चेंडू घेऊन मधून घुसला. एमेट त्याला असा भिडला की दोघं जिथे भेटले तिथेच बसले. तसूभरही कुणी पुढे नाही. शिट्टी झाली. अख्खं मैदान ओरडत होतं आणि एमेट त्या गड्याला हात देऊन उठवत होता. काय म्हणत होता ते सांगायला नकोच.

लव्हॉनबाई मात्र ओरडल्या नाहीत. त्यांनी एमेटचं हेल्मेट मागून घेतलं, चष्मा वर करून कोरी टाळू बघितली, कानाच्या बाजूचे ओरखडे बघितले आणि ते कोचच्या हातात दिलं. कोचनी ते बराच वेळ धरून ठेवलं.

डिसेंबरात कपड्यांच्या पेट्या भरताना कोच धुलाईखोलीत आले. आता उलटी बादली त्यांच्या नावावरच होती.

"वसंतातल्या सरावाचं बघतोय. दहा मिनिटं म्हणतो मी."

"वीस," बाई म्हणाल्या.

"लव्हॉन, बारा. आणि आधी मानेचे व्यायाम."

"पंधरा. मानेचे व्यायाम तुम्ही पण करायचे. दिवसभर त्या डावपेचांच्या पाटीत बघून बघून तुमचीच मान खाली गेलीये."

कोच हसले. "चौदा. आणि नवीन यंत्र मागवतोय, मोठं."

बाईंनी हातातली जर्सी पेटीत टाकली.

"आधी यंत्र येऊ द्या. मग बोलू," त्या म्हणाल्या.