खाजण वाट

आमच्या गावामागे खाजण आहे, म्हणजे खाडीचं पाणी येतं-जातं ती दलदल, आणि त्यात जुन्या तिवरांचं रान. काही बुंधे इतके जाड, की मी आणि सासूबाईंनी मिळून कवेत घेतले तरी हात भिडत नाहीत. या रानातून गावाने लाकडी फळ्या टाकून वाट केली आहे. सासूबाई रोज सकाळी त्या वाटेने खाडीपर्यंत जातात. गुडघे दुखतात म्हणतात, पण फळ्यांवर माझ्यापुढे असतात.

विरारच्या फ्लॅटवाल्यांनाही हे रान दिसावं म्हणून गावाने फलक लावायचं ठरवलं. रंगाऱ्याला मी फोनवर सांगितलं, ‘खाजण वाट’ लिहा. तो बिचारा बाहेरचा. बाईंची जीभ घसरली असं समजून त्याने सुधारून लिहिलं, ‘खाजगी वाट’. करायला गेलो गणपती, झाला मारुती. आम्ही पोट धरून हसलो.

ते हसू फार टिकलं नाही. शेजारची जागा घेतलेल्या शेठने फलकाचा सोयीचा अर्थ लावला. वाटेच्या तोंडाशी साखळी आली, साखळीपाशी वॉचमन आला. फिरायला आलेले लोक फलक वाचून मुकाट परत जायला लागले. गावातले शहाणे म्हणाले, मोठ्या माणसाशी वैर कशाला, अर्ज करू. मला संताप आला. अर्जाचं उत्तर येईपर्यंत सासूबाईंनी काय गच्चीवर येरझाऱ्या घालायच्या?

मी काळ्या रंगाचा डबा घेतला आणि त्यांच्यासोबत निघाले. वॉचमनच्या देखत ‘गी’ खोडून ‘ण’ काढला. अक्षर वेडंवाकडं आलं, पण वाचता येत होतं. आत जायला शेठची परवानगी लागेल, असं तो म्हणाला. माझ्या जिभेवर शिवी आली होती, पण सासूबाईंनी मला हातानेच थांबवलं आणि खाली बोट दाखवलं. भरती चढत होती. साखळीखालून पाणी आत शिरत होतं.

"ह्या पान्याने कुनाला इचारलं रे बाबा?"

आम्ही एकमेकींसाठी साखळी उचलून धरली आणि फळ्यांवर चढलो. दोन्हीकडे चिखलातून तिवरांची मुळं वर आली होती, पावलांच्या आवाजाने खेकडे बिळांत पळत होते. मागून वॉचमन ओरडला, शेठने विचारलं तर फलक कोणी बदलला म्हणून सांगू?

"माझ्या सुनेनं, म्हनून सांग," सासूबाई म्हणाल्या. मागे वळूनही न बघता.