डिपार्टमेंटचा चहा

तुम्ही हसाल, पण नातीचं कॉलेज बघायला मी गेले ती स्थळ बघायला जातात तशीच. आमच्या खाडीकाठच्या घरात जुनी रीत. मुलीसाठी घर बघायला गेलं की पसंत पडेपर्यंत तिथला चहा घ्यायचा नाही. घेतला म्हणजे होकार. आता कोण पाळतंय, पण माझ्या अंगात ती मुरलीय.

नात बी.एस्सी. झाली. खाडीतला चिखल बाटल्यांत भरून आणायची आणि फ्रिजमध्ये माझ्या लोणच्याशेजारी ठेवायची. आता तिला लाइफ सायन्सेसमध्ये एम.एस्सी. करायचं होतं, तेही घाटावरच्या एका कॉलेजात. म्हणजे दोन वर्षं हॉस्टेल. शुक्रवारी अर्जाची मुदत संपणार आणि पोरीचं काही ठरेना. वेबसाइटवर सगळं चकाचक. मी म्हटलं, "फोटो बघून नवरा करतेस का? जाऊन बघू या."

सुनेला सुट्टी नव्हती, म्हणून मी निघाले. खरं सांगते, तिथे काहीतरी खोट निघावी असंच मला वाटत होतं. घोडबंदर रोडला बस अडकली तेव्हा बरंच वाटलं. नात मात्र नखं खातेय, मोबाईल काढतेय, परत ठेवतेय.

"आजी, तिकडे काही विचारू नकोस हां."

"न्हाय गं. तोंड शिवून ठेवते, बस?"

कॉलेजात पोचलो. डिपार्टमेंटच्या मॅडमनी आम्हाला त्यांच्या खोलीत बसवलं, चहा मागवला. मी नको म्हटलं. नातीनेही कपाला हात लावला नाही, तिला रीत ठाऊक. मॅडम म्हणाल्या, "अहो, साखर कमीच आहे." आता त्यांना काय सांगू?

मग लॅब दाखवली. कोपऱ्यात एका मोठ्या यंत्रावर चादर घातलेली. माझं तोंड उसवलंच. "हे झाकलंय कशाला?" नातीने मागून पदर ओढला. मॅडम म्हणाल्या, "बंद आहे. दुरुस्तीवाला येतो येतो म्हणतोय." दुसऱ्या वर्षाची एक मुलगी तिथे होती, ती हसली. "आजी, दुसऱ्या मशीनला आम्ही नंबर लावतो. पण आमच्या हाताने करायला देतात."

खोट मिळाली होती. चला, निघू या म्हणायला वळले तर पोरगी जागेवर नाही. बॅगेतनं चिखलाची बाटली काढून ती मायक्रोस्कोपला डोळा लावून बसलेली.

"मॅडम, हा बघा, हा हलतोय! याचं नाव मला सापडतच नाहीये."

मॅडम वाकल्या. बराच वेळ बघत राहिल्या. "मलाही नाही गं सांगता येत. शोधू या?"

झालं. दोघींनी जाडजूड पुस्तक उघडलं आणि डोकं त्यात घातलं. मी बसले, उठले, चादर जरा उचलून यंत्र बघितलं, परत बसले. परतीची बस जाईल म्हणून दोनदा सांगितलं. कुणाचं लक्ष नाही.

शेवटी नात उठून मघाच्या खोलीत आली, मागोमाग मी आणि मॅडम. टेबलावरचा कप उचलला आणि माझ्याकडे बघत राहिली.

"गार झालाय गं तो," मी म्हटलं. "ठेव खाली."

"न्हाय आजी."

आणि प्यायली की! सगळा. मॅडमना काय कळणार? त्यांनी आपलं साधं विचारलं, "तुमच्यासाठी गरम मागवू का आता?"

"मागवा," म्हटलं. "साखर जरा जास्त."

तो येईस्तोवर मी दारात गेले, आत आले, परत दारात गेले.