जगाला विचारा
परवा कुणाच्या तरी रिंगटोनमध्ये जुन्या मोडेमची किरकिर ऐकली आणि डोंबिवलीतलं घर आठवलं. मजल्यावर फोन फक्त आमच्याकडे, त्यामुळे सगळ्यांनी आमचाच नंबर दिलेला. शेजारच्या काकू लेकीच्या बाळंतपणाची बातमी येईल म्हणून चहा गार करत बसलेल्या आणि बाबा नवीन इंटरनेट लावून. "हे चालू असताना फोन लागत नाही, काकू," मी म्हटलं. "मग बाबा कोणाशी बोलतायत?" "कोणाशीच नाही." "कोणाशीच नाही, तर फोन अडवलाय कशाला?" बाबा म्हणाले, "थांबा हो, साऱ्या जगाशी संपर्क होतोय." "मग विचारा ना जगाला, माझ्या लेकीला मुलगा झाला की मुलगी?" बाबांची बोटं कीबोर्डवर गेली आणि तिथेच थांबली. काय टाइप करायला हवं होतं, ते मला आजही कळत नाही.