चौथ्या दरवाजाची म्हातारी

घोडा बोलतो, हे त्या बायकांनी पहिल्याच दिवशी बिनतक्रार मान्य केलं. मांत्रिकाने राजपुत्राची सावली चोरून रांजणात कोंडली, तेही त्यांना पटलं. आमच्या गल्लीत एकीचं असंच झालंतं, असं एकजण म्हणालीसुद्धा. पण राजपुत्र आणि त्याची माणसं सात दिवस किल्ल्याचे दरवाजे फोडत हिंडतात आणि मधे कुणी घासभर काही खात नाही, इथं मात्र सगळ्या अडून बसल्या.

"भाकरी कोन करतं त्यांला?"

"तसं लिहिलेलं नाही," मी म्हणाले.

"लिवलं नसंल. पर जेवत तर आसतील का न्हाई?"

हे सगळं चाललं होतं तासगावात, बेदाण्याच्या शेडमध्ये. नव्वदच्या दशकातली गोष्ट. मी साताऱ्याहून लग्न होऊन नवी नवी आले होते आणि शेजारणींच्या नादाने बेदाणा निवडायला जाऊ लागले होते. काड्या काढायच्या, हिरवा एकीकडे, काळा एकीकडे. पोरसुद्धा करील असं काम, पण माझं लक्ष कुठं तरी तिसरीकडेच. मुकादमाने दोनदा माझं ताट सगळ्यांसमोर ओतून दाखवलं. हिरव्यात काळे, काळ्यात काड्या. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

तेव्हा रांगेच्या टोकाला बसणारी मावशी बोलली. ही बाई फटकळ. नवरा जाऊन वीस वर्षं झालेली, मूलबाळ नाही, आणि तोंडाला कुणी लागायचं नाही म्हणून बायका तिच्यापासून हातभर लांबच बसायच्या. ती मुकादमाला म्हणाली, "हिचं ताट आमी वाटून घेतो. ही वाचंल. पिशवीत पुस्तक घिऊन हिंडती न्हवं का!"

मुकादम लगेच कबूल झाला. ऐकताना बायकांचं तोंड उघडं राहतं, पण त्यात बेदाणा जात नाही, हे त्याने पहिल्याच दिवशी ताडलं.

पुस्तक म्हणजे तेव्हा घरोघरी गाजत असलेली जादूची कादंबरी. सात भाग, सात दरवाजे. साताऱ्यात माझ्या वडिलांनी, लष्करातून निवृत्त झालेल्या माणसाने, सातही भाग खाकी कव्हर घालून कपाटात रांगेत उभे केले होते. एक भाग परत आणल्याशिवाय पुढचा द्यायचे नाहीत, पोटच्या पोरीलाही. तासगावात मी एकेक भाग वाचनालयातून आणायचे. अशा घरात वाढलेली मी त्या कादंबरीत स्वतःच्या पदरचं काही घालीन, हे कुणी सांगितलं असतं तर मी त्याच्या अंगावर धावून गेले असते.

पण भाकरीचा प्रश्न तीन दिवस चालला. राजपुत्र घोड्यावर बसला की "जेवला का?" मांत्रिक गरजला की "त्यो मर्दा तरी जेवला का?" चौथ्या दिवशी मी चिडले, आणि चिडले की माझी जीभ माझं ऐकत नाही. पुस्तकात डोकं घालून मी दणकून वाचलं, "चौथ्या दरवाजाशी एक म्हातारी चूल मांडून बसली होती. राजपुत्राला बघून ती ओरडली, थांब रं! आधी पाय धू, मग किल्ला जिंक!"

शेड हसून लोटपोट. कारण हे वाक्य मावशीचं. निवडलेल्या मालापाशी कुणी मळक्या पायांनी आलं, अगदी मालक आला तरी, ती तिथनंच ओरडायची, "थांब रं! आधी पाय धू!" मी मुद्दाम तिच्या आवाजात वाचलं होतं. चेष्टाच होती ती, खोटं कशाला बोलू.

मावशी हसली नाही. खाली मान घालून काड्या काढत राहिली. आता आपली खैर नाही, असं वाटून मी पुढची दहा पानं एका दमात वाचली. दुसऱ्या दिवशी मी पुस्तक उघडलं तर टोकाकडून हळूच आवाज आला, "आज हाय का गं ती?"

काय करणार? आणली. परवा आणली, तेरवा आणली. पाचव्या दरवाजाला तिने राजपुत्राच्या डोक्याला हळद लावली. सहाव्याला तिने मांत्रिकाला उलथन्याने हाणलं, त्या दिवशी बायकांनी टाळ्या पिटल्या. मग जेवणाच्या सुट्टीत वाद. म्हातारी ही देवीच, वेष पालटून आलीय, असा एक पक्ष. दुसरा पक्ष म्हणायचा, देवीबिवी काही नाही, खमकी बाई हाय, खमकी बाई काय कमी असती व्हय? निकाल मावशीवर सोपवायचा. मावशी भाकरीचा तुकडा मोडत म्हणायची, "तिला इचारलं पायजे." आता बायका तिच्याभोवती गोल करून बसत होत्या. मुकादमाने आवाज चढवला की ती म्हणायची, "चौथ्या दरवाजाला ये, मग दावते." मला मोठी गंमत वाटत होती. बोलाचीच कढी, बोलाचाच भात. पण अख्खी शेड त्यावर जेवत होती.

आणि सिनेमा आला. आमच्याच कादंबरीवर, आमच्याच तासगावच्या थेटरात.

चार दिवस मी सिनेमाला नावं ठेवली. पिक्चर भिकार आहे, डोळे दुखतात, पुस्तकाची मजा जाते. कुणी ऐकेल तर शपथ. मावशी म्हणाली, "जल्मात थेटरात गेले न्हाई. पर तिला बघायला जानार." तिथं ती नाही, कुठंच नाही, ही पोरगी तुझी चेष्टा करत होती, हे सगळ्यांसमोर उघडं पडलं की ही बाई पुन्हा रांगेच्या टोकाला जाऊन एकटी बसणार, हे मला लख्ख दिसत होतं. तरी सांगायचा धीर झाला नाही. भित्री ती भित्रीच.

सिनेमा कसा होता? बोलका घोडा म्हणजे कातड्यात शिरलेली दोन माणसं, आणि पुढच्या पायांचं मागच्या पायांशी पटत नव्हतं. सात दरवाजे म्हणजे एकच दरवाजा, सातदा रंगवलेला. नागपंचमीच्या शिराळ्याचं माहेर असलेल्या एकीने भर थेटरात जाहीर केलं, "ह्यो नाग न्हवं, पान्याचा पाईप हाय." चौथा दरवाजा कुरकुरत आपोआप उघडला आणि राजपुत्र पायांत आलेल्या त्या पाईपला ओलांडून सरळ आत गेला. ना चूल, ना म्हातारी.

खेळ सुटल्यावर बायकांनी म्यानेजरला घेरलं.

"म्हातारी कुठाय?"

"कसली म्हातारी?"

"तुमी वाचलीया का कादंबरी?"

त्या काळी ही कादंबरी वाचली नाही म्हणणं म्हणजे अंगठेबहाद्दर असल्याची कबुली. त्याने छाती काढून सांगितलं, "म्हंजे काय! दोनदा वाचलीय."

"मग चौथ्या दरवाजाची म्हातारी कुठं गेली?"

बिचाऱ्याने खिशातला रुमाल काढला, घाम पुसला आणि म्हणाला, "हां, ती म्हातारी! लय भारी काम केलंय तिनं. पर ते रीळ सांगलीला राहिलंय हो."

हसावं की त्याचे पाय धरावे, मला कळेना. एकाच सिनेमाची रिळं दोन गावांत फिरायची, उशीर झाला की मधला तुकडा गाळून खेळ उरकायचे, हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्यामुळे बायकांना पटलं. एवढंच नाही, येत्या रविवारी सांगलीला जायचं ठरलं.

रविवारी एसटीत मी मावशीशेजारी बसले. तिने ठेवणीतलं लुगडं नेसलं होतं. आता सांगतेच म्हणून मी तोंड उघडलं, "मावशी, ऐका ना, ती म्हातारी..."

"खिडकी लाव. धुरळा येतोय," ती म्हणाली. मी खिडकी लावली, आणि सांगली आली तरी सांगायचं ते राहूनच गेलं.

थेटर गच्च भरलं होतं. पहिला दरवाजा, दुसरा, तिसरा. चौथा दरवाजा दिसला, राजपुत्र आला, दार कुरकुरलं, आणि माझ्या शेजारची खुर्ची खाडकन वाजली. मावशी उभी राहिली होती.

"थांब रं!" ती ओरडली. "आधी पाय धू!"

आणि देवाशपथ सांगते, पडद्यावरचा राजपुत्र थबकला आणि त्याने खाली पायांकडे पाहिलं. तिथं तो पाईपचा नाग येणार होता, पण सांगलीकरांना काय त्याचं! अख्खं थेटर उसळलं. शिट्ट्या काय, टाळ्या काय. मागून कुणी तरी ओरडलं, "व्हय आज्जी, धुतो, धुतो!" आमच्या बायका तर खुर्च्यांवर चढल्या. मावशीने पदर सावरला आणि खाली बसली. परतीच्या एसटीत सगळ्यांचं एकमत झालं, की सांगलीची रिळं पुरी आहेत.

दुसऱ्या दिवशी मी शेडमध्ये सगळ्यांच्या आधी गेले. पाय धुऊन मावशीसमोर बसले आणि एका दमात सांगून टाकलं. "मावशी, ती पुस्तकात नाही. मी घातली. पहिल्या दिवशी तुमची चेष्टा करायला घातली."

मावशी ताटातल्या काड्या काढत होती. "ठावं हाय मला," ती म्हणाली.

"कधीपासून?"

"पयल्या दिसापास्नं. बाकीचं समदं तू पुस्तकात बघून वाचायचीस. म्हातारी आली की माज्याकडं बघून वाचायचीस." तिने एक काळा बेदाणा बाजूला टाकला. "इतक्या वर्सात माज्याकडं बघून कोन बोललंय गं?"

मला रडू आवरेना. तेवढ्यात बायका आल्या, पाय धुऊन आपापल्या ताटांपाशी बसल्या, माझं ताटही नेहमीसारखं वाटून घेतलं. मी डोळे पुसून सातवा भाग उघडला. मावशी म्हणाली, "आज जरा बिगीनं आण तिला."

मी पुस्तक मिटून मांडीवर ठेवलं, तिच्याकडे पाहिलं आणि वाचायला लागले. पुस्तक का मिटलं, हे त्या बायकांपैकी एकीनंही विचारलं नाही.