कागदोपत्री अविवाहित

टेलिफोन एक्स्चेंजमध्ये ती नव्याने लागली तेव्हा तिचा आवाज असा गोड होता, की लोक नंबर नीट ऐकू गेला नसेल म्हणून उगाच दोनदा सांगायचे. गावाने तिचं नाव पाडलं नंबरबाई. वडील वारलेले, धाकटा भाऊ शाळेत, आईला दमा. घर तिच्या नोकरीवर उभं होतं.

त्या खात्याचा नियम होता, की नंबर जोडून देणाऱ्या बोर्डावर बसणारी बाई अविवाहित हवी. लग्न झालं की त्याच दिवशी राजीनामा. बाईचं चित्त घरी आणि कामावर असं दोन्हीकडे लागत नाही, असं सरकारचं म्हणणं. नियमावर खुद्द राष्ट्रप्रमुखांची सही होती, त्यामुळे त्याविरुद्ध कोणी ब्र काढत नसे.

तरी तिने लग्न केलं. नवरा दोन गल्ल्या पलीकडे घड्याळं दुरुस्त करायचा. लांबच्या एका शहरात जाऊन दोघांनी नोंदणी केली, आणि येताना वेगवेगळ्या बसने आले. ती आईकडे राहिली, तो आपल्या दुकानावरच्या खोलीत. रविवारी दुपारी ती घरचं टेबलावरचं घड्याळ काखेत मारून त्याच्याकडे जायची.

शेजारच्या न्हाव्याला तिची कीव यायची. "बाई, याला येत नाही काम. दुसरीकडे दाखवा की."

"दाखवलं असतं हो," ती म्हणायची, "पण आता याचीच सवय झालीय."

हसण्यावारी न्यायचे असे दिवस थोडे. बाकी सगळा जीव मुठीत. एकदा अंगात ताप असताना ती भर रस्त्यात चक्कर येऊन पडली. नवरा समोरच्या फूटपाथवर होता. परक्या माणसांनी तिला उचलून रिक्षात घातलं आणि तो हातातली पिशवी धरून नुसता बघत राहिला. पुढे कित्येक वर्षं ती गोष्ट दोघांपैकी कोणीही काढली नाही.

दिवस राहिले तेव्हा बोर्डासमोर बसायची पद्धतच तिच्या कामी आली. मुली भिंतीकडे तोंड करून बसत. कानावर हेडफोन, हातात जोडणीच्या दोऱ्या, आणि देखरेखीला मागून फिरणाऱ्या मोठ्या बाईंना दिसायच्या त्या फक्त पाठी. अगदीच जमेना तेव्हा तिने छातीच्या आजाराची रजा टाकली आणि थोरल्या बहिणीचं गाव गाठलं. मुलगी झाली. बहिणीला दोन मुलगेच होते. ती म्हणाली, "माझी म्हणून वाढवते. तू कामावर जा. सरकार काय जन्माला पुरतंय?"

सरकार जन्माला पुरलं नाही, पण बालपणाला पुरलं. दूध आटेपर्यंत छातीला फडकं आवळून नंबरबाई बोर्डावर बसली. सुट्टीत ती बहिणीकडे जायची तेव्हा मुलगी धावत येऊन बिलगायची आणि ओरडायची, "मावशी आली."

मग एका हिवाळ्यात ते सरकार कोसळलं. लोक रस्त्यावर आले, एक्स्चेंज काही दिवस बंद राहिलं, उघडलं तेव्हा राष्ट्रप्रमुखांचा फोटो जिन्याखाली उलटा टेकवलेला होता. नवीन राज्यघटना झाली. स्त्री-पुरुष समान, असं तीत लिहिलं गेलं, आणि लग्नाचा तो नियम रद्द झाल्याची एक ओळ फळ्यावर लागली. मुलींनी टाळ्या वाजवल्या. नंबरबाईला मात्र बसून राहावंसं वाटलं. डोक्यावरचं ओझं उतरल्यावर आधी मान दुखते, तसं काहीसं.

दुपारी ती मोठ्या बाईंच्या खोलीत गेली. मोठ्या बाई म्हणजे कडक काम. त्यांच्या बुटांचा आवाज यायचा नाही आणि चूक सुटायची नाही.

"बाई, माझं लग्न झालेलं आहे. बरीच वर्षं झाली."

"ठाऊक आहे," मोठ्या बाई म्हणाल्या. "छातीच्या आजाराने कोणाची कंबर रुंदावत नाही. बसा."

ती बसली. मोठ्या बाईंनी चष्मा काढून पुसला, पुन्हा घातला.

"माझंही झालं होतं. गेल्या उन्हाळ्यात मी मावसभाऊ वारला म्हणून रजा घेतली होती, आठवतं? मावसभाऊ नव्हता तो. तिसऱ्या दिवशी मी इथे येऊन तुमच्या ओळीमागे फिरत होते. तुम्हीच विचारलंत, फार जवळचा होता का. मी म्हटलं, नाही, लांबचाच."

नंबरबाईने मग बहिणीकडे वाढणाऱ्या मुलीचं सांगितलं. मोठ्या बाई म्हणाल्या, "जा. मुलीला घेऊन या."

ती गेली. नवराही बरोबर, पहिल्यांदाच एका बसमध्ये शेजारी शेजारी. दोघं इतकी अवघडून बसली होती, की कंडक्टरने त्यांना वेगवेगळी तिकिटं दिली. बहिणीने मुलीला समोर बसवून सगळं सांगितलं. मुलगी ऐकून घेत होती. मग तिने विचारलं, "म्हणजे मला इथून जायचंय?" आणि बहिणीच्या पदराआड गेली, ती संध्याकाळपर्यंत बाहेर आली नाही.

ओढून नेणं नंबरबाईच्या जिवावर आलं. "राहू दे," ती नवऱ्याला म्हणाली. "एका हुकुमाने तिला तोडली, आता दुसऱ्या हुकुमाने जोडायची का?" मुलगी तिथेच वाढली. कॉलेजसाठी मात्र ती यांच्याकडे राहायला आली, वकील झाली, आणि बापाला बाबा म्हणू लागली. हिला मावशीच. जिभेला लागलेलं वळण, दुसरं काही नाही, असं ती म्हणायची. नंबरबाई मान हलवायची.

पुढे नंबर आपोआप लागायला लागले, बोर्ड भंगारात गेला, नंबरबाई तक्रार विभागातून निवृत्त झाली. मग आणखी एक सरकार आलं, चांगलं मतांनी निवडून आलेलं. त्याने ठराव मांडला, की विवाहित बाईला नोकरीसाठी नवऱ्याची लेखी संमती लागेल. कुटुंब टिकावं म्हणून.

"मावशी, सभेत तू बोलायचंस," लेक म्हणाली. "हे पूर्वी कसं होतं ते या मुलींना माहीतच नाही."

"त्यांना माहीत नसावं म्हणूनच तर नवी घटना लिहिली ना? आता माझे गुडघे दुखतात गं."

तरी ती गेली. सभागृहात लेकीने "माझी मावशी" अशी ओळख करून दिली. नंबरबाई माइकपुढे उभी राहिली आणि जे झालं ते सांगितलं, लेकीचा भाग वगळून. एका तरुण मुलीने विचारलं, "तुम्ही तेव्हाच नकार का दिला नाही?"

"नोकरीही हवी होती आणि नवराही," ती म्हणाली. "नकार द्यायचा तो कोणाला, दोघांपैकी?"

लोक हसले, टाळ्याही झाल्या. तिला खुर्ची हवी होती.

घरी आल्यावर नवऱ्याने पाय शेकायला पाणी तापवून दिलं. "कशी झाली सभा?"

"माइक चांगला होता."

तो ठराव पुढे बारगळला. सभेमुळे म्हणावं तर तसं नाही; सत्तेतले दोन पक्ष भलत्याच कारणावरून भांडले आणि सरकारच पडलं. लेकीने फोन करून आनंदाने सांगितलं. नंबरबाई ऐकत होती. नव्या निवडणुकीला किती दिवस आहेत ते तिने विचारलं, आणि मतदान केंद्र तळमजल्यावर असेल का, तेही.